पंगतीतून उठणे

कमरेत वाकायचं, डावा हात पाठीमागे घ्यायचा, उजव्या हातातली पोळी तुमच्या ताटावर अधांतरी धरायची आणि थेट तुमच्या डोळ्यांत बघत म्हणायचं, "आनी एक. माज्यासाठी." तुम्ही ताटावर हात आडवा धरलात तर अण्णा घाई करायचे नाहीत. वाट बघायचे. आडवा धरलेला हात कधीतरी दमतो, बोटं जराशी विलग होतात. तेवढ्या फटीतून पोळी ताटात पडलेली असायची आणि अण्णा पुढच्या माणसापाशी पोहोचलेले असायचे.

असा आग्रह करणारा माणूस तुम्हीही पाहिला असेल. मी ज्यांच्याबद्दल लिहिते आहे ते मादन हिप्परग्याचे. नाव सांगत नाही. आळंद तालुक्यात "वाढणारे अण्णा" एवढं म्हटलं तरी लोकांच्या तोंडावर हसू येतं आणि हात आपोआप पोटाकडे जातो.

वाढणं हा काही त्यांचा धंदा नव्हता. थोडी तुरीची शेती होती, गावात किराणा दुकान होतं. पण लग्न असो, बारसं असो, जत्रेतला दासोह असो, म्हणजे येईल त्याला पोटभर जेवण, लोक आधी अण्णांना सांगायला जायचे आणि मग आचाऱ्याला. अण्णा पंगतीत फिरले नाहीत तर यजमानाला आपण जेवण घातलं असं वाटायचंच नाही.

माझी त्यांची पहिली भेट अशा एका पंगतीतच झाली. माझं माहेर बिदरचं, नौबादचं. मामेबहीण हिप्परग्यात दिलेली, तिच्या मुलाच्या लग्नाला गेले होते. मी कलबुर्गीत एका लहानशा पुनर्वसन केंद्रात आहारतज्ज्ञ आहे. मणक्याला मार लागून ज्यांचे पाय गेले असे लोक आमच्याकडे काही महिने राहतात आणि नव्यानं बसायला, सरकायला, जगायला शिकतात. त्यांनी काय खावं आणि किती खावं हे बघणं माझं काम. स्वभावानं मी यादी करणारी बाई आहे. किराण्याची यादी, पाहुण्यांची यादी, राहून गेलेल्या कामांची यादी. त्या दिवशी नकार देण्याचे मला येत होते तेवढे सगळे प्रकार ओळीनं करून पाहिले. हात आडवा धरला, मान हलवली, आणि शेवटी व्यवसायच सांगितला.

"अण्णा, लोकांना कमी खा म्हणून सांगणं हेच माझं काम आहे हो."

"व्हय? अरेरे. मग तुमाला तर कुनी मनापासून वाढतच नसंल," असं म्हणून त्यांनी शेंगापोळी ताटात टाकली आणि वरून तुपाची धार धरली.

मी ती खाल्ली. तुम्हीही खाल्ली असती.

त्यानंतर दोनेक वर्षांनी ते आमच्या केंद्रात आले, स्ट्रेचरवरून. एका लग्नाच्या स्वयंपाकाची भांडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून चालली होती आणि पातेली सरकू नयेत म्हणून अण्णा त्यांच्यावर बसले होते. वळणावर ट्रॉली हिसकली. अण्णा खाली पडले. मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, पण कमरेखाली काहीच उरलं नाही, हालचाल नाही आणि जाणीवही नाही.

मी बोलायच्या आधीच त्यांनी मला ओळखलं. "शेंगापोळीवाल्या मॅडम!" आणि शेजारी उभ्या असलेल्या बायकोला म्हणाले, "ह्यांनी त्या दिवशी लई भांडून खाल्लं होतं." बायको हसली नाही. बारीक चणीची बाई. तिच्या डोळ्यांत झोप साचली होती. हे गृहस्थ भरपूर वजनाचे होते, आणि गेले कित्येक दिवस त्यांना या कुशीवरून त्या कुशीवर करणं हेच तिचं आयुष्य झालं होतं.

इथे थोडं कामाचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. चालणाऱ्या माणसाच्या मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू दिवसभर अन्न जाळत असतात. ते झोपी गेले की शरीराची गरज खूप कमी होते. भूक मात्र तेवढीच राहते, आणि प्रेम करणारी माणसं दुप्पट होतात. उरलेलं अन्न पोटावर चढतं, रक्तात फिरतं, हृदयाच्या नळ्यांत साचतं. म्हणून आमच्याकडे येणाऱ्यांना पाय गेल्याचं दुःख एकीकडे आणि हृदय सांभाळायची जबाबदारी दुसरीकडे, अशी दोन्ही ओझी एकदम उचलावी लागतात. त्यात उपाशीही ठेवून चालत नाही. प्रथिनं कमी पडली तर बसून बसून कातडी फुटते, जखमा होतात. पाणी कमी पडलं तर मूत्रपिंडं तक्रार करतात. भाजी कमी पडली तर पोट साफ होत नाही. म्हणजे सगळंच हवं, फक्त मोजकं.

मोजकं हा शब्द अण्णांना ठाऊक नव्हता. आणि त्यांच्या भेटीला येणाऱ्यांना तर मुळीच नाही.

आता गंमत बघा. या माणसानं आयुष्यभर ज्यांना ज्यांना आग्रह करून खाऊ घातलं होतं ते सगळे आता भेटायला यायला लागले. आळंदची बस आली की आमच्या फाटकात डब्यांची रांग लागायची. कुणी हुग्गी आणायचं, ती आमच्याकडची गव्हाची खीर, कुणी बुंदीचे लाडू, कुणी तेलात पोहणारी भरली वांगी. आणि प्रत्येकाच्या तोंडी अण्णांचंच वाक्य.

"अण्णा, आनी एक. माज्यासाठी."

"साकु रे बाबा, साकु," अण्णा म्हणायचे. साकु म्हणजे पुरे. आमच्या भागात अर्धी माणसं कानडीत पोट भरल्याचं सांगतात.

"साकु? माज्या लग्नात मी किती वेळा साकु म्हणलो, तुमी ऐकलाव का?"

अण्णा हसायचे आणि खायचे.

मी माझ्या परीनं प्रयत्न केला. ताटातलं अर्धं ठेवून द्या, असं सांगितलं. ते दचकून माझ्याकडे बघायला लागले, जसं काही मी त्यांना चोरी करायला सांगितली होती. त्यांच्या घरी ताटात पडलेलं अन्न प्रसाद असतं. ते शेवटच्या शितापर्यंत पुसून खायचं, मग ताटात पाणी घालून बोटांनी ताट धुवायचं आणि ते पाणीसुद्धा प्यायचं. मी रोज बघत होते. केंद्रात सगळ्यात स्वच्छ ताट अण्णांचं असायचं. भांडी घासणारी मावशी म्हणायची, "ह्यांचं ताट पुन्हा मांडलं तरी कळायचं न्हाई."

"मॅडम, टाकायला सांगू नका," अण्णा म्हणाले. "ताट बदला पायजे तर. मानूस बदलायचा न्हाई."

मी ताट बदललं. नाश्त्याची बशी दिली. एक ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, मोड आलेली मटकी, पुंडीची आंबटसर पालेभाजी, दही, काकडी. तेल आणि मीठ हात आखडून. बशी भरलेली दिसायची, त्यांना बरं वाटायचं, आणि ती धुऊन पाणी पिताना तर फारच सोपं जायचं. माझ्या यादीतल्या या ओळीवर मी खूण केली आणि खूश झाले. पण बशी केंद्राची होती. डबे आळंदच्या बसचे होते.

रक्ताचा अहवाल आला तेव्हा डॉक्टरांनी मला बोलावलं. चरबी वाढलेली, साखर वर सरकलेली, रक्तदाब चढा. व्यायाम घेणाऱ्या ताईंचं म्हणणं निराळं, पण तिथेच जाऊन पोहोचणारं होतं. पलंगावरून खुर्चीत जायला माणसाला स्वतःचं अंग दोन्ही हातांवर उचलून लाकडी पाटावरून सरकावं लागतं. अण्णांचे हात मजबूत होते, पण जे उचलायचं ते दर आठवड्याला जड होत होतं. "हे जमलं नाही तर ते घरी जाऊन कॉटवर पडतील," ताई म्हणाल्या. "आणि त्यांना उचलता उचलता बायको पडेल."

मी अण्णांना सगळं सांगितलं. लपवायचं नाही असा माझा नियम आहे. त्यांनी ऐकून घेतलं.

"आमचे अप्पा जेवून उठले आनी अंगनात पडले," ते म्हणाले. "थोरला भाऊ दुकानात बसल्या बसल्या गेला. आमच्या घरात काळजाचंच दुखनं हाय, मॅडम. मला वाटलं होतं, पाय गेले म्हंजे आता काळीज तरी सुटलं. काळजाला कळतंय का, मी चालत न्हाई ते?"

"कळतं," मी म्हटलं. "पण तुमचे हात चालतात हेही त्याला कळतं. हात दमले, दम लागला, घाम आला, की काळजाला वाटतं मालक चालतोय. फक्त हे डबे थांबायला हवेत. तुम्ही नको म्हणायला हवं."

"म्हनतोय की."

"कुणी ऐकत नाही."

"कसं ऐकतील? मी कवा ऐकलो?" मग त्यांनी मला त्यांचं शास्त्र सांगितलं. "नको दोन तऱ्हेचं असतंय बगा. खरं आनी खोटं. हात आडवा धरला, ते खोटं. मान हलवली, खोटं. डोळे वटारले, तरी खोटं. सगळं आयुष्य मी तेवढंच वळखत आलोय. खरं नको एकच."

"कोणतं?"

"मानूस पंगतीतून उठतंय ते." आणि मग आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं. आवाज खाली गेला. "म्हनून तर समदे वाढायलेत मला. मला उठून जाता येईना."

पलंगाशेजारी त्यांची चाकाची खुर्ची उभी होती. ती त्यांना आवडायची नाही. त्यांना तीत बसवून दुसरंच कुणीतरी ढकलायचं, आणि ते देवाच्या पालखीसारखे निमूट बसून राहायचे. मी त्या खुर्चीकडे बघितलं. त्यांनीही बघितलं.

"चाकं आहेत की," मी म्हटलं.

"भरल्या पंगतीतनं एकट्यानं उठायचं?" ते म्हणाले. "लई वाईट दिसतंय, मॅडम. समद्यांचं होईस्तोवर बसायचं असतंय. असं उठनाऱ्या मानसावर मी स्वतः ओरडलोय."

ते खरंच होतं. आपल्याकडे अर्ध्या पंगतीतून उठणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर ताट ढकलणं. मी त्यांना साधी गोष्ट सांगत नव्हते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी व्यायामाच्या खोलीत ते सगळ्यांच्या आधी हजर होते. तिथे हातांनी फिरवायची एक सायकल आहे, पायांऐवजी हातानं पेडल मारायचं. ती फिरवताना अण्णा डोळे मिटून घ्यायचे. ताईंनी विचारलं, झोप येते का? "न्हाई हो. वाढायलोय," ते म्हणाले. "ही पहिली पंगत. हिला वरन झालं, आता भाजी." त्यांनी व्यायामाचा वेळ पंगतींत लावून टाकला होता. ताईंनी पुढे त्यांना तसंच सांगायला सुरुवात केली: आज अजून एक पंगत उठवू या, अण्णा. खुर्चीची चाकंही ते स्वतः फिरवायला लागले. आधी खोलीत, मग व्हरांड्यात, मग उतारावरून अंगणात. तळहातांना फोड आले, फुटले, घट्टे पडले.

आणि मग कोहिनूरहून अक्का आल्या.

या त्यांच्या थोरल्या बहीण. बसवकल्याणच्या बाजूला कोहिनूरमध्ये दिलेल्या. ठसठशीत आवाज, कपाळाला विभूती, काखेत डबा. आईच्या माघारी अण्णांना त्यांनीच वाढवलेलं. डब्यात शेंगापोळ्या होत्या, तुपात भिजलेल्या. व्हरांड्यात सगळे गोल बसले; अण्णा, त्यांची बायको, अक्का, आणि बसमधून बरोबर आलेली दोनचार माणसं. मी दारात उभी होते.

अण्णांनी एक पोळी खाल्ली. मनापासून खाल्ली, डोळे मिटून. मग बशी धुऊन पाणी प्यायले. "साकु, अक्का."

"असं कामून बोलायलास? एकानं काय होतंय?" अक्कांनी दुसरी पोळी बशीवर धरली. "किती वाळलास बग. आनी एक. माज्यासाठी."

अण्णांनी हात आडवा धरला. अक्का थांबल्या. कसं थांबायचं ते भावाकडूनच शिकल्या होत्या. हात कधीतरी दमतो.

अण्णांनी हात काढला, आणि दोन्ही हात चाकांवर ठेवले. खुर्ची मागे गेली, जागच्या जागी वळली, आणि त्या गोलातून बाहेर पडून उताराकडे निघाली. चाकांचा आवाज तेवढा येत होता. अक्कांच्या हातातली पोळी तशीच अधांतरी.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुमी शिकवलाव व्हय हे? आमच्या भावाला? मी एवढ्या लांबनं आलेय, आनी ह्यो मला पाठ दाखवून जायलाय!"

"अक्का, त्यांच्या हृदयासाठी..."

"हृदय मला सांगू नका! त्याला मी माज्या हातानं घास भरवलेय. माजा हात वाईट झाला का आता?" आणि त्या रडायला लागल्या. वहिनी, म्हणजे अण्णांची बायको, कधी एका शब्दानं बोलायची नाही. ती त्या वेळी पुढे झाली, अक्कांच्या हातातली पोळी तिनं डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि म्हणाली, "अक्का, मला उचलवंना हो आता त्यांना."

अक्का डबा घेऊन दुपारच्या बसनं निघून गेल्या.

मी अंगणात गेले. अण्णा कडुनिंबाखाली थांबले होते. छाती वरखाली होत होती, बंडी घामानं चिकटली होती. "आज पंगतीतनं उठलो, मॅडम," ते म्हणाले. हसायचा प्रयत्न केला, जमला नाही. "अक्का रडायलीय का?"

"हो."

"आयला," ते म्हणाले आणि डोळे पुसले. "खरं नको लई महाग असतंय."

त्यानंतर अक्कांचा फोन नाही, निरोप नाही. अण्णा रोज विचारायचे, कोहिनूरहून कुणी आलं का. आणि सगळं सरळ रेषेत सुधारलं असंही समजू नका. नागपंचमीला आमच्याकडे घरोघरी लाडू होतात. कुणीतरी पिशवीभर आणून ठेवले आणि अण्णांनी त्यातले निम्मे एका बैठकीत खाल्ले, दार लावून. दुसऱ्या दिवशी स्वतःच मला सांगितलं. "कालची पंगत माजीच, यजमान मीच, आनी आग्रेव करनारा बी मीच," म्हणाले. मी रागावले नाही. उरलेल्या लाडवांची पिशवी अण्णांच्याच हातात दिली आणि केंद्रातल्या इतरांच्या भेटीला आलेल्या, चालत्या-फिरत्या नातेवाइकांना वाटायला सांगितली. अण्णांना ते फार आवडलं. पुढे प्रत्येक डब्याचं त्यांनी तेच केलं. आणणाऱ्यालाच समोर बसवायचे आणि त्यालाच वाढायचे, मग शेजारच्या खाटेवरच्या मुलीच्या आजोबांना, मग बाहेर थांबलेल्या रिक्षावाल्याला. डबा रिकामा व्हायचा, आणणारा खूश, अन्न वाया नाही. पण आता ते प्रत्येकाला आधी विचारायचे, "साखर हाय का तुमाला? बीपी?" असेल तर काकडी वाढायचे.

एकदा मला म्हणाले, "मला वाटायचं, मला मानसाचं नको वाचता येतंय. काय वाचत होतो मी? ऐकतच न्हवतो. किती जनांना डाक्टरनं वर्ज सांगितलं असंल आनी मी फटीतनं पोळी सारली असंल." त्यांनी बशी धुतली आणि पाणी प्यायले.

थंडी सुरू होता होता एका सकाळी आमच्या ताईंनी मला हाक मारली. अण्णा पलंगाच्या कडेला बसले होते. पाट लावलेला. वहिनी शेजारी उभी, हात पुढे करून, सवयीनं. "हात मागं घे," अण्णा म्हणाले. दोन्ही मुठी रोवल्या, अंग उचललं, जरासं सरकले, थांबले, पुन्हा उचललं, सरकले, आणि खुर्चीत आले. वहिनीचे हात तसेच हवेत राहिले होते. मग तिनं त्या हातांचं काय करावं हे न सुचून पदर डोक्यावर घेतला. त्या आठवड्यातला रक्ताचा अहवालही बरा होता. सगळं ठीक झालं असं नाही, रक्तदाबाची गोळी आहेच. पण आकडे खाली उतरू लागले होते, आणि डॉक्टर हसून बोलत होते.

अक्का आल्या त्या त्यानंतर, न कळवता. काखेत डबा नव्हता. पिशवीत पुंडीची भाजी होती, मुळासकट, माती लागलेली. त्या माझ्या खोलीतच आधी आल्या आणि खुर्चीत बसल्या.

"मी बी तपासून घेतले," म्हणाल्या, जणू भांडणाचा पुढचा भाग सांगत होत्या. "ह्यो असा पाठ फिरवून गेल्यावर मला रागानं झोप येईना. सून म्हनली, अत्या, तुमचं डोकं दुखायलंय तर दवाखान्यात चला. गेले. बीपी निघालं, लई. डाक्टर म्हनले, अजून थोडे दिवस असंच गेलं असतं तर काय सांगता आलं नसतं." मग म्हणाल्या, "अप्पाचंच रगत हाय आमचं. मला कसं सुटंल?"

त्या व्हरांड्यात गेल्या. अण्णा त्यांना बघून काही बोलायच्या आत त्यांनी नाश्त्याची एक बशी त्यांच्यापुढे आपटली. "वाढ मला. बगू तुजं डाक्टरी जेवन."

अण्णांनी भाकरी वाढली, पुंडीची भाजी वाढली, वरण वाढलं. अक्कांनी चव घेतली आणि तोंड वाकडं केलं. "मीठ कुठं गेलं?"

"गेलं ते. पाय बी गेले. तुमी खावा."

अक्का हसल्या. आधी दाबून, मग मोठ्यानं. व्हरांड्यातले सगळे हसले. मला मात्र त्या दोघांकडे नीट बघवेना, म्हणून मी आत जाऊन उगाच पाण्याचे ग्लास मांडत बसले.

अण्णा घरी गेले. जेवणघराच्या दारापाशी त्यांची खुर्ची उभी राहायची ती जागा मोकळी झाली. तिथे आता दुसरं कुणी थांबतं, पण बशी धुऊन पाणी पिण्याची पद्धत मागे राहिली आहे. नवीन आलेले लोक बघतात आणि करतात, का ते त्यांना माहीत नसतं. व्यायामाच्या खोलीत ताई अजूनही म्हणतात, आज अजून एक पंगत उठवू या.

निघताना मी त्यांना एक सूचना नुसती लिहून न देता समोर बसवून तोंडीही दिली होती, कारण ती विसरून चालणार नव्हती. मांडीवर गरम भांडं कधीच घ्यायचं नाही. कमरेखाली जाणीव नाही, भाजलेलं कळणार नाही. अण्णांनी मान डोलावली. तेव्हाच त्यांच्या डोक्यात काहीतरी शिजत असणार, हे मी ओळखायला हवं होतं.

यंदा जत्रेच्या दासोहाचं आमंत्रण आलं तेव्हा मी कामाची यादी बाजूला ठेवून हिप्परग्याला गेले. मंडपात पंगती बसल्या होत्या. पण दोन ओळींमधली वाट नेहमीपेक्षा रुंद होती. मी विचारायच्या आधीच शेजारची बाई म्हणाली, "अण्णासाठी सोडलंय हो."

भाकरी आली, वरण आलं, हुग्गी आली. सगळं पोरं वाढत होती. आणि मग त्या रुंद वाटेनं चाकं आली. मांडीवर लाकडी फळी, फळीवर स्टीलची बादली, बादलीत काकडीची कोशिंबीर, वरून दाण्याचा बारीक कूट. थंड, अगदी थंड. हाती डाव. प्रत्येक ताटापाशी ब्रेक, वाढणं, दोन हातांनी चाकं फिरवणं, पुन्हा ब्रेक. कपाळावर घाम. मागून अक्का ताकाची बादली घेऊन येत होत्या आणि "लवकर हो की पुढं!" म्हणून ओरडत होत्या.

"हळू, अक्का. ही दुसरी पंगत हाय माजी. ताईला सांगायचंय."

ते माझ्यापाशी आले. कोशिंबीर वाढली. मी खाल्ली, छान होती. ते पुन्हा वळून आले तेव्हा मी सवयीनं ताटावर हात आडवा धरला. आडवा हात धरून मी वाट बघत बसले.

डाव ताटावर आला आणि अधांतरी थांबला. अण्णांनी माझ्या हाताकडे बघितलं नाही. सरळ माझ्याकडे बघितलं.

"खरं का खोटं, मॅडम?" त्यांनी विचारलं.

"खोटं, अण्णा," मी म्हटलं आणि हात बाजूला घेतला.